तबझिमत पंचमंडळाच्या हाती लागू नये म्हणून

मी, जेद्जिगा, मरहूम अक्ली यांची विधवा, राहणार अइत वझ्रू, गुडघे सोडून बाकी सारे धड असताना, कोणाच्याही भरीस न पडता हे मृत्युपत्र इमामसाहेबांकडून लिहून घेत आहे. प्रत्येक ओळ त्यांना परत वाचायला लावली आहे. माणूस सज्जन आहे, पण सज्जनांचीही लेखणी घसरते.

१. घर व ऑलिव्हची झाडे शरियतप्रमाणे माझा मुलगा अरेझ्की याची. मार्सेलहून येतो, गळ्यात पडतो आणि माझ्या खांद्यावरून भिंती न्याहाळतो. आईला कळत नाही असे त्याला वाटते.

२. तेलाचा रांजण शेजारीण फेरूजाला. झाकण देऊ नये. ते तिच्याकडेच आहे, ती नाही म्हणते.

३. आता मुख्य गोष्ट. माझी तबझिमत, म्हणजे पोवळी जडवलेला चांदीचा गोल बिल्ला. वारसांबाहेर देता येतो त्या एक तृतीयांश हिश्श्यात ती सहज बसते. गावासाठी आपणहून राबणाऱ्या मुलीला ती दरवर्षी मान म्हणून मिळावी. पंचमंडळाच्या हाती मात्र लागू नये. गेल्या वर्षी त्यांनी चौकात सत्कार केला तो प्रमुख सी लाउनिस यांच्या मुलीचा, सिलियाचा. वणव्यानंतर झाडे लावली तेव्हा ती फावडे घेऊन उभी होती, हे खरे. फोटो निघेपर्यंत उभी होती. रोपांना उन्हाळाभर पाणी घातले गावातल्याच दिह्या नावाच्या पोरीने, आणि सत्काराला तीच मागे बसून टाळ्या वाजवत होती.

दिह्यावर तरी माझा विश्वास आहे का? नाही. नात्याची ना गोत्याची, मग रोज माझ्यासाठी झऱ्याचे पाणी का आणते? म्हणून एकदा सोन्याची बांगडी उशीखालून मुद्दाम डोकावती ठेवली. थोरल्या बायकांना म्हणतात तसे पोर मला नआ म्हणते. म्हणाली, "नआ, टोचत नाही का ही? आधीच मान धरलेली असते तुमची." बांगडी कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशीही आली. "तुला हवंय तरी काय माझ्याकडून?" मी विचारले. "शिव्या," म्हणाली. "आजी गेल्यापासून घरात कोणी देत नाही." तिचा डाव मी अजून शोधते आहे.

४. मानकरीण कोण, हे झऱ्यावर बायकांनी ठरवावे. तिथे पुरुषाने पाऊल टाकले तर गावभर छी-थू होते, तेव्हा सी लाउनिस यांची देखरेख चालायची नाही. पुढे "मला ठाऊक नव्हतं" म्हणू नये, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावले आहे. ते म्हणाले, "नआ, एवढा अविश्वास? मी तुमच्या लेकासारखा." मी म्हटले, "म्हणूनच."

५. आमच्याकडे मुलगा झाला की सासू सुनेच्या कपाळावर तबझिमत लावते. मलाही अरेझ्की झाल्यावर लावली. त्याआधी मुलगी झाली होती. थोडे दिवस जगली. तेव्हा माझे कपाळ तसेच राहिले, आणि तिचे नावही कोणी विचारले नाही. मी गेल्यावर पहिला मान दिह्याचा. तबझिमत तिच्या कपाळावरच लावावी. तिचे लग्न झालेले नाही, हे मला माहीत आहे.

अंगठा: जेद्जिगा
साक्षीदार: शेख मोहंद-वआली, इमाम; सी लाउनिस, पंचमंडळ प्रमुख (पाचवे कलम पुन्हा वाचायला मागून, मग सही केली)
अइत वझ्रू, १२ नोव्हेंबर २०२३