तळहातावरचं शेंडेनक्षत्र

१५ डिसेंबर १९८५, रविवार

हाकलून दिलं आम्हाला! टेकडीवरून सरळ खाली!

शहरातल्या ऐकणाऱ्या हौशी लोकांनी बोलावलं होतं, धूमकेतू दाखवतो, तुमच्या बहिऱ्यांच्या मंडळालाही आणा म्हणून. आम्ही दहा जण गेलो, अकरावे हे. अंधार पडला आणि आमचं बोलणंच बंद. हात दिसल्याशिवाय हातांनी बोलायचं कसं? म्हणून ताराचंदने टॉर्च लावला. मग कौशल्याने दुसरा. दुर्बिणीपाशी उभे होते त्या सगळ्यांचे डोळे दिपले. अंधाराला सरावायला म्हणे अर्धा तास लागतो, आणि आम्ही तो दर दोन मिनिटांनी घालवत होतो.

कोणीतरी "बत्ती बंद करा!" म्हणून घसा फोडून ओरडत होता. ओरडत होता — आम्हाला! हे एकटे ऐकणारे, ते मागे बसून शेंगा खात होते. त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, तेही हसून हसून अर्धवट.

"हसता काय? तेव्हाच सांगायचं ना!"

"कसं सांगू? अंधारात तुले माझे ओठ दिसून राहिले होते का?"

खरंच आहे.

२२ डिसेंबर

ताराचंद अजून चिडलेला. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर आहे, दुर्बिणीचा आरसा पाच महिने स्वतः घासून केलाय त्याने. 'आपलं आपण बघू!' हे इतक्या जोरात म्हणाला की माझी कपबशी त्याच्या हाताबरोबर उडाली.

दहाव्या वर्षी टायफॉइडमध्ये माझे कान गेले. बोलता येत होतं, ओठ वाचायला शिकले, म्हणून बाबा हात हलवू देत नसत. "लोक बघतात." चाळिशी उलटल्यावर या मंडळात आले आणि हात मोकळे झाले. आता लोक बघोत!

पण अंधारात ओठही नाहीत आणि हातही नाहीत. तारे बघायचे तर गप्प बसायचं, बोलायचं तर तारे सोडायचे. यातून वाट काढायला हवी.

१४ जानेवारी १९८६, संक्रांत

निघाली वाट! दुपारी एक कटलेली लाल पतंग अंगणात पडली. ताराचंदच्या पुस्तकात लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत असं वाचलेलं आठवलं. कागद दुहेरी करून टॉर्चवर रबराने बांधला, टॉर्च गळ्यात अडकवला, तोंड वर. संध्याकाळी गच्चीवर उभी राहिले — हात दिसतात! आणि तारेही दिसतात!

शेजारच्या सिंधूताई वाळवण उचलत होत्या. टोमणा पुरता कळावा म्हणून माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलल्या, "काहून वं बाई, लाल बत्ती लावून कोणती गाडी थांबवून राहिल्या?"

मी म्हटलं, "शेंडेनक्षत्राची!"

तिळाच्या दोन वड्या जास्त दिल्या त्यांनी.

१५ जानेवारी

गल्लीतल्या पोरांकडून फाटक्या लाल पतंगा गोळा केल्या. एकूण तेवीस!

२ फेब्रुवारी, रविवार

मंडळ आज भरदुपारी आमच्याकडे. तर्री-पोहे केले. कामठीहून दत्तोपंत आले होते. जन्माचे बहिरे, शिंपीकाम करत, वय ब्याऐंशी. मोतीबिंदू इतका वाढलाय की समोरचे हात त्यांना धुक्यात हलल्यासारखे दिसतात. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांचा हात हातात घ्यायचा, खुणा त्यांच्या बोटांना चाचपू द्यायच्या, नाहीतर तळहातावर काढून दाखवायचं. ते मात्र स्वतः झकास बोलतात. शिवणाऱ्याचे हात, एकेक खूण जशी कातरलेली!

त्यांनी १९१० सालचं सांगितलं, हाच धूमकेतू मागे आला होता तेव्हाचं. तेव्हा सहा वर्षांचे होते. घर कन्हानच्या काठी. उन्हाळा, अंगणात खाटा. त्यांच्या हातून आदल्या दिवशी शेळीचं पिल्लू हरवलेलं. पहाटे जाग आली तर पूर्वेला हे एवढं लांब पांढरं शेपूट! सगळा गाव बाहेर उभा, बोटं वर, तोंडं हलतायत. त्यांनी आईचा पदर ओढला. आईने त्यांचे डोळे हाताने झाकले आणि घरात नेलं. काय आहे ते कोणीच सांगितलं नाही. सांगणार कसं? घरात कोणाला खुणा येत नव्हत्या.

त्यांनी स्वतःच अर्थ लावला. पिल्लू हरवलं म्हणून आकाश फाटलं!

त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर ताराचंदने धूमकेतूचं चित्र दाखवलं, तेव्हा कळलं की शेळीचा काही संबंध नव्हता. इतकी वर्षं! हे सांगताना ते हसत होते. कौशल्या डोळे पुसत होती. मी पोहे वाढायला उठले.

जाताना म्हणाले, 'त्याला एकदा भेटायचंय.'

३ फेब्रुवारी

त्यांचं ऑपरेशन होळीनंतर. पण मंडळी जमू शकतात ती मार्चच्या मध्यालाच. पुढे चांदणं वाढणार. आणि तो पुन्हा येणार २०६१ साली! आहे त्या डोळ्यांनीच दाखवायला हवा.

९ मार्च

ठरलं. पुढच्या रविवारी पहाटे, कन्हानच्या काठी. ताराचंदच्या साडूची मेटाडोर. हे म्हणाले, "मी पण येतो. कोणी ओरडलं तर ऐकाले एक माणूस पाहिजे ना!"

१६ मार्च, रविवार

आत्ताच आलो. न्हायलेही नाही, आधी लिहिते.

चार वाजता काठावर पोचलो. नदीवर गारवा. आम्ही अकरा जण आणि दत्तोपंत. प्रत्येकाच्या गळ्यात लाल दिवा, अंधारात नुसते हात! चेहरे नाहीत, माणसं नाहीत, लाल हातांचे थवे बडबडतायत. असं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. पलीकडून एक मासेमार आला, हे बघून उलट्या पावली पळाला. हे त्याच्यामागे "अरे, माणसं आहो गा आम्ही!" करत गेले.

ताराचंदने वृश्चिकाची नांगी दाखवली, मग तिथून डावीकडे, खाली. आणि होता! पुसट. फार नाही, पण होता.

दुर्बिणीला डोळा लावून झाला की प्रत्येक जण आपणहून दत्तोपंतांकडे जायचा आणि त्यांच्या तळहातावर काढून दाखवायचा. हे काही ठरलेलं नव्हतं. कौशल्याने कापसाचा पुंजका काढला. मी केरसुणी काढली. ताराचंदने अंशांसकट अख्खी धनु रास काढली, मनगट पुरलं नाही, कोपरापर्यंत गेला! ह्यांना काहीच दिसलं नव्हतं, त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. दत्तोपंतांना गुदगुल्या होत होत्या, लहान मुलासारखे अंग चोरून हसत होते.

मग त्यांची पाळी. ताराचंदने पायरी ठेवली, मी दंड धरला. त्यांनी डावा डोळा गच्च मिटला, उजवा लावला. सगळे हात थांबले. खूप वेळ. दिसू दे रे, एवढं दिसू दे!

ते मागे सरले. छातीवर मूठ ठेवली, मान हलवली. भेटला!

अकरा लाल दिवे एकदम वर. आमच्या टाळ्या अशाच.

१७ मार्च

एका साप्ताहिकासाठी लेख लिहायला घेतला. शेवटचं वाक्य आधीच सुचलं : 'शहात्तर वर्षांनी दत्तोपंतांनी तोच धूमकेतू पुन्हा पाहिला.' कधी नव्हे ते लिहितालिहिता गुणगुणत होते म्हणे. हे सांगतात. सूर कसा होता ते सांगत नाहीत.

२९ मार्च

दत्तोपंतांचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याचं. पाडव्याला भेटायला जाईन, लेखही वाचून दाखवीन, हातात.

१० एप्रिल, पाडवा

कामठीला जाऊन आले. दत्तोपंतांच्या डोळ्यावर अजून पट्टी. त्यांची सून इंदूबाई सरबत देताना म्हणाली, "डावा येईल म्हणते डॉक्टर. उजवा तर दोन सालापासून गेलाच आहे, ताई. यायले मालूम होतं, आमाले आता मालूम झालं."

उजवा. दुर्बिणीला लावला होता तो.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, का?

ते हसले. हवेत हातांनी म्हणाले, 'पाहिला होता मी. सहाव्या वर्षीच, चांगला मोठा. सांगितलं नव्हतं कोणी.' दहा बोटं उघडली, मिटली, पुन्हा एक बोट : या वेळी सांगणारे अकरा. मग तळहात माझ्यापुढे पसरला.

'केरसुणी काढ. परत.'