सयाजीला कोर्टात उभे न करण्याबद्दल

प्रति,
मेहेरबान तालुका मॅजिस्ट्रेटसाहेब,
तालुका कचेरी, तासगाव, जिल्हा सातारा.

अर्जदार : आकाराम गुंडा मोहिते, वय ४८, पलटणीतून निवृत्त नाईक, धंदा शेती, राहणार पलूस.

विषय : मुलगा सयाजी, वय १६, याने विहिरीत उडी घेतल्यावरून जीव देण्याच्या प्रयत्नाच्या गुन्ह्याखाली झालेल्या खटल्यात त्यास हजेरीतून माफी मिळण्याबद्दल.

संदर्भ : सोमवार ता. १२ रोजी बजावलेले समन्स. हजेरीची तारीख मंगळवार, २० फेब्रुवारी १९४५.

महोदय,

१. अर्जदारास दोन मुलगे. थोरला हंबीरराव पलटणीतून इटलीच्या लढाईवर गेला. धाकटा सयाजी इंग्रजी शाळेत जातो. घरात वाचता येणारा तो एकटाच. अर्जदारास सहीपुरती अक्षरे येतात, म्हणून हा अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घेतला आहे.

२. गेल्या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी सयाजी शाळेतून येत असता तारवाल्याने त्याच्या हाती तार दिली. तार इंग्रजीत होती. हंबीरराव लढाईत पडल्याची ती खबर होती. पोरगा घरी आला तेव्हा त्याची आई लीलाबाई जेवत होती. तिने विचारले, "कुणाची रं तार?" तो म्हणाला, "दादाची. बदली झालीया, बरा हाय." एवढे बोलून त्याने तार दप्तरात घातली.

३. त्यानंतर दोन महिने तो भावाच्या नावाने स्वतःच पत्रे लिहून आईला वाचून दाखवीत होता. अशी पाच पत्रे झाली. आई एकेक पत्र तीन-तीनदा वाचायला लावी. पोरगा वाळत चालला होता, हे अर्जदाराने पाहिले होते. पण अभ्यासाने होत असेल, असे समजून विचारपूस केली नाही.

४. संक्रांतीच्या आधी हंबीररावचा सोबती शिपाई नाथाजी रजेवर आला आणि भेटायला म्हणून घरी आला. अंगणात पाऊल टाकताच अर्जदाराच्या गळ्यात पडून तो रडू लागला. त्या वेळी सयाजी सोप्यात बसून आईला पाचवे पत्र वाचत होता. अर्जदाराने सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. "मेलेल्या भावाच्या नावानं खोटं वाचतूस?" असे अर्जदार ओरडला. पोराने एवढेच उत्तर दिले, "आई जेवत हुती, आबा."

५. त्या दिवसापासून सयाजी मुका झाला. घरात भावाचे सुतक, त्यात आईचा आकांत. पोराकडे कोणी पाहिले नाही. अर्जदारास वाटले, रुसला आहे, येईल ताळ्यावर. ही चूक अर्जदाराची आहे व ती कोर्टापुढे कबूल आहे.

६. ता. २२ जानेवारीस भर दुपारी सयाजीने मळ्यातील विहिरीत उडी घेतली. मेंढरे पाण्यावर आणलेला बिराप्पा धनगर अंगावरच्या कपड्यांनिशी मागोमाग उतरला आणि त्याने पोराला वर काढले. साहेब, बिराप्पा त्या दिवशी दुसऱ्या पाणवठ्यावर गेला असता तर, हा विचार मनात आला की अर्जदाराच्या हातातला घास हातात राहतो.

७. गावात कोणी म्हणाले बाहेरचे लागले आहे, देवऋष्याकडे न्या. कोणी म्हणाले खोलीत कोंडा. अर्जदाराने दोन्ही मानले नाही. पोराला बैलगाडीत घालून मिरजेस एका डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, याला एकटा सोडू नका, रागावू नका, बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका. तेव्हापासून नवराबायकोपैकी एकजण सतत त्याच्याजवळ असतो. अर्जदाराने चौदा वर्षे फौजेत काढली, गोळ्या जवळून गेल्या; पण आता पोरगा परसात जाऊन यायला जरा वेळ लागला तरी अर्जदार उठून बघायला धावतो.

८. विहिरीतून काढल्यापासून तेराव्या दिवशी उसाला पाणी पाजताना सयाजी आपण होऊन बोलला : "आबा, ती तार मीच घेऊन आलो. मी घेतलीच नसती तर?" अर्जदाराने हातातले खोरे टाकून त्याला बांधावर जवळ बसवले. म्हणाला, "तू आणली न्हाईस रं, बाळा. ती येनारच हुती. तू एकट्यानं दोन म्हैनं सोसलंस. हंबीर माझा बी ल्योक हुता, आता दोघं मिळून रडू." पोरगा बापाच्या मांडीवर डोके ठेवून रडला. त्या संध्याकाळी त्याने अर्धी भाकरी मागून खाल्ली. आई दाराआड उभी राहून बघत होती.

९. असे जरा सावरत असता सोमवारी पोलीस शिपाई गणवेशात समन्स घेऊन आला. शिपायाचा दोष नाही, तो हुकमाचा ताबेदार. परंतु खाकी कपडा आणि हातात कागद पाहताच सयाजी धान्याच्या कणगीमागे जाऊन बसला. तीन दिवस अन्नाला शिवला नाही. सारखे एकच विचारतो, "मला नेत्याल का? कवा नेत्याल?" अर्जदार "न्हाई" म्हणतो, पण हे उत्तर खरे की खोटे, ते अर्जदारास ठाऊक नाही. पोराशी आणखी एक खोटे बोलण्याचे धाडस होत नाही.

१०. तरी विनंती की खटला काढून टाकण्याची मेहेरबानी व्हावी. ते कायद्यात बसत नसल्यास सयाजीऐवजी अर्जदाराचा जबाब घ्यावा. तेही न जमल्यास आरोपीच्या पिंजऱ्यात बापाला त्याच्याशेजारी हात धरून उभे राहू द्यावे. आणि शिक्षा द्यायचीच झाली तर ती अर्जदारास द्यावी. मारले अर्जदाराने, विचारले नाही तेही अर्जदाराने. पोराला कोठडीत घालून दार लावले तर आत तो एकटा राहील, आणि एकटे सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

हुकूम होईपर्यंत अर्जदार कचेरीच्या पायरीवर बसून आहे.

आपल्या दयेची वाट पाहणारा,
आकाराम गुंडा मोहिते (सही)
तासगाव, ता. १५ फेब्रुवारी १९४५

सोबत : मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी, बिराप्पा धनगर याचा अंगठ्याचा जबाब.

शेरा : अर्ज वाचला. मुलास हजेरी माफ. खटला काढून घेण्याबद्दल पोलिसांस आजच लिहावे. पुढील कोणताही कागद शिपायामार्फत पाठवू नये. शनिवारी आम्ही फिरतीवर पलूसला जात आहोत, तेव्हा साध्या पोशाखात जाऊन बापाशी बोलू. अर्जदारास हा हुकूम वाचून दाखवावा, पायरीवर बसू देऊ नये, ताबडतोब मुलाकडे पाठवावे.