डब्यातली साखर कुठे जाते

आई,

तू फिरायला गेलीस आणि मला कामावर पळायचंय, म्हणून लिहून ठेवतेय. बाबांशी धरलेला अबोला आजच सोड. डब्यातली साखर ते चोरून खात नव्हते!

सकाळी मीच त्यांना रंगेहाथ पकडलं. गच्चीवरच्या भेंडीला मुंग्या लागल्यात. मुंग्यांनी भेंडी सोडावी म्हणून बाबा कठड्यापाशी चमचा-चमचा साखर ठेवत होते. आता मुंग्या दोन्हीकडे आहेत, तो भाग वेगळा.

"मग आईला सांगायचं ना!" म्हटलं, तर म्हणाले, "ती पावडर टाकून सगळ्यांना मारेल. त्यापेक्षा मी चोर बरा."

त्यांच्या रक्ताचा रिपोर्टही आलाय, साखर अगदी आटोक्यात आहे. माझा तर जीव भांड्यात पडला. मुंग्यांची पावडर मी पर्समध्ये टाकून नेतेय, शोधत बसू नकोस. संध्याकाळी आल्यावर भेंडी साबणाच्या पाण्याने धुऊ.

आणि हो, आजपासून तुझ्या चहात साखर घाल. त्यांच्यासाठी तू कधीच सोडलीस, हे त्यांना ठाऊक आहे. मला म्हणाले, "तुझ्या आईच्याच वाटणीची मुंग्यांना घालतोय."