भोपळा परत मागायला आलेली बाई

आदरणीय प्रोकीपदादा,

तुमच्यावर, वहिनींवर आणि तुमच्या मधमाश्यांवर देवाची कृपा असो. गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली, तेव्हा हंसाच्या चरबीने चोळत जा, डॉक्टर काहीही म्हणोत. इकडे मी बरा आहे, गाय बरी आहे. देवमातेच्या पोक्रोवा सणाआधी माझ्या उल्यानाच्या कबरीवरचा क्रॉस रंगवून घेतला, निळाच, तिला आवडायचा तसा. (तुमची बहीण होती म्हणून म्हणत नाही, पण ती गेल्यापासून या गावात कुणाला बिटाचं बोर्श सार जमलेलं नाही. मला तर नाहीच नाही.)

पत्र लिहायचं कारण आमच्या गावचा कवी. माणूस मरून शंभरावर वर्षं झाली, पण जाच अजून चालू आहे. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो ज्या झोपडीत राहिला तिचं संग्रहालय झालेलं तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वसंतात तिथे शहरातून नवीन बाई आली, झिनोविया नावाची. विधवा आहे, पंचेचाळिशीची असेल. पाहुण्यांना झोपडी दाखवते. मी पहिल्यांदा गेलो तो खरोखर सहज, कुंपणाची फळी निखळली होती म्हणून. आत शिरलो तर समोर कोपऱ्यात देव्हारा, त्यावर भरतकामाचा लांब रुमाल घातलेला. आता देवाची तसबीर समोर असताना माणूस काय करील? टोपी काढली, क्रॉसची खूण केली आणि सगळी प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तर मागे शाळेची सहल उभी, आणि एक बाई माझा फोटो काढते आहे. त्यांना वाटलं, संग्रहालयाने जुन्या काळचा शेतकरी ठेवला आहे! झिनोविया इतकी हसली की तिला कवीच्या पाळण्याला धरून उभं राहावं लागलं. दादा, तेव्हापासून मी वरचेवर जातो.

आणि जातो तेव्हा ऐकतो काय? ‘आमचा छोटा इथे बसायचा.’ ‘आमच्या छोट्याला उकडलेली पिअर फार आवडायची.’ पाळण्यापाशी आली की तिचा आवाज दर वेळी भरून येतो. अहो, मीसुद्धा याच गावात जन्मलो, मलासुद्धा पाळणा होता, पिअर मलाही आवडते. पण मला मात्र ती एकदा लावरीन म्हणते आणि एकदा ‘ट्रॅक्टरवाले काका’. त्याच्या खिडकीत रोज ताजी फुलं ठेवते. मेलेल्या माणसाचा हेवा करणं पाप आहे का, असं मी पाद्रीबाबांना कबुलीच्या वेळी विचारलं. ते म्हणाले, त्याच्या कुठल्या गोष्टीचा? मी म्हटलं, फुलदाणीचा. त्यांनी मला आठवडाभर जास्तीच्या प्रार्थना सांगितल्या. त्या मी केल्या, पण फुलदाणी काही डोळ्यांपुढून हलली नाही. त्यात फाटकाशी सूर्यफुलाच्या बिया विकणारी खिमकाआत्या मला बघितलं की ओरडते, “काय रे लावरीन, आज पण? अजून मेलेलाच आहे बरं तो!”

आता मुख्य आपत्ती. पोक्रोवाच्या दिवशी संग्रहालयाच्या अंगणात सुगीचा देखावा होता. जो तो मळ्यातलं काहीतरी घेऊन आला. मी शहाणपणाने सफरचंदं नेली. एकट्या बाईच्या दारात मी भोपळा कशाला नेऊ? मागणी घालायला आलेल्याला नको म्हणायचं तर बाई तोंडाने बोलत नाही, त्याच्या हातात भोपळा देते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. (वहिनींच्या आधी तुम्हालाही एक मिळाला होता म्हणे, आणि तुम्ही घरी येऊन त्याची लापशी करून खाल्लीत. उल्याना हे फार हसून सांगायची.)

तर देखावा संपला, माणसं पांगायला लागली, आणि झिनोविया ढिगातला सगळ्यात मोठा भोपळा उचलून सरळ माझ्याकडे आली. “लावरीन, हा धरा,” म्हणाली, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हाकेला वळली. मग खिमकाआत्याचा आवाज: “अगं बाई! याने अजून मागितलंसुद्धा नव्हतं!”

मी काय करणार? खाली ठेवावा तर नकार पायदळी तुडवल्यासारखा दिसेल. तो छातीशी धरून, सणाच्या कपड्यांत, चर्चपासून पाणवठ्यापर्यंतच्या सगळ्या गावातून मी घरी गेलो. बाया फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. एकाने टोपीसुद्धा काढली. रात्री मी कवीला मनातल्या मनात बरंच काही बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिनोविया माझ्या दारात, कमरेवर हात ठेवून. “भोपळा कुठे आहे? मी तो पाद्रीबाबांच्या गाडीत ठेवायला दिला होता, म्हाताऱ्यांच्या जेवणासाठी. तुम्ही घेऊन पळालात की!” मी म्हटलं, बाई, आमच्या गावात भोपळा हातात दिला की त्याचा अर्थ होतो. ती म्हणाली, “तो अर्थ आमच्या शहरातही होतो. पण तुम्ही कधी विचारलंत काही, की मी उत्तर देईन?” असं म्हणून ती लाल झाली, भोपळा उचलला आणि निघाली. फाटकापाशी थांबून म्हणाली, “परत घेऊन चालले आहे, बघून ठेवा.”

मी बघून ठेवलं आहे.

तुमचा,
लावरीन

ता. क. दादा, दिलेला भोपळा परत नेणारी बाई मी ऐकलेलीसुद्धा नाही. नाताळचा उपास लागला की लग्नं बंद होतात. पाव घेऊन माझ्यासाठी मागणी घालायला कुणीतरी थोरलं माणूस जायला हवं. माझं थोरलं माणूस तुम्हीच. उल्यानाच्या भावाने नको म्हटलं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही आणि माझ्या मनात काही राहणारही नाही. पण गुडघा बरा असेल तर या.

ता. क. २. येताना वहिनींच्या कपाटातलं कवीचं पुस्तक आणा. त्याची कुठली कविता सगळ्यात आवडते असं तिने मागे विचारलं होतं, आणि मी ‘सगळ्याच’ म्हणून बसलो आहे. एकही वाचलेली नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी शाळेत जाऊन एक कविता उतरवून आणली. संध्याकाळी आई त्याला जेवायला हाका मारते आणि तो ओ देत नाही, बस, एवढंच आहे. उल्यानाच्या तसबिरीपुढे मोठ्याने वाचली. वाईट हे आहे, दादा, की चांगली आहे. तेव्हा पुस्तकासाठी थांबू नका, लवकर या. या माणसाशी माझा एकट्याने निभाव लागणार नाही.