पेटी वळेना

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज आम्ही सगळे टीचरना पोचवून आलो. चर्चमध्ये अर्धी गर्दी आमच्या शाळेची. गणित शिकवायच्या. माझे कान त्यांनीच पिळलेत.

लिहायचंय ते वेगळंच. सकाळी रिकामी शवपेटी उभी करून जिन्यानं टीचरच्या तिसऱ्या मजल्यावर नेली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. टीचरना आत ठेवून सगळे खाली निघाले आणि वळणावर पेटी अडकली. पुढे जाईना, वळेना. लिफ्ट चार माणसांची, तिथं प्रश्नच नाही. कुणीतरी म्हणालं, उभी करा. आंतोन अंकल, टीचरचे मिस्टर, वरच्या पायरीवर होते. म्हणाले, "तिका उभी करू नुको."

परत वर नेली. टीचरना चादरीत घालून चौघांनी खाली आणलं आणि पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधे, पेटीत ठेवलं. पाद्रींनी प्रार्थनाही तिथंच म्हटली.

तो जिना मी काढलाय.

१३ नोव्हें.
ऑफिसात त्या बिल्डिंगचं जुनं ड्रॉइंग उघडलं. आधी वळणावर चौकोनी लँडिंग होतं, वळायला सपाट जागा. आमचे आर्किटेक्ट सर म्हणाले, हॉल लहान दिसतोय, गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग मी लँडिंग खाल्लं आणि तिथं तिरक्या पायऱ्या बसवल्या. केवढी हुशारी! शाबासकीसुद्धा मिळाली. वर फ्लॅट घ्या म्हणून टीचरच्या मागे मीच लागले होते. त्यांचं तोंडवलीचं घर चढणीवर, त्यांचे गुडघे गेलेले. टीचर, लिफ्ट आहे ना! लिफ्ट आहे म्हणे.

सरांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, पेटी काय रोज न्यायची असते? कणकवलीच्या नव्या बिल्डिंगलाही हाच जिना टाक. मी हो म्हणून मान हलवली. मेली माझी मान.

१८ नोव्हें.
चर्चमध्ये टीचरसाठी सातव्या दिवसाची मिस्सा झाली. नंतर अंकलकडे. त्यांची मुलगी रविवारी कुवेतला परत जाणार. पप्पा, चला म्हणून मागे लागलीय, ते ऐकत नाहीत. मला सोडायला दाराबाहेर आले. जिन्याकडे बघत हळूच म्हणाले, "चेडवा, माका कशे न्हेतले गो?"

मग बिल्डरला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या, आणि खरं सांगते, त्या त्याच्या नावावर पडल्या म्हणून बरंच वाटलं. घरी आल्यावर स्वतःची किळस आली.

२४ नोव्हें.
जिना माझाच, सांगून टाकलं. अंकलनी चहा ठेवला होता.
"तुयां काडलंस?"
हो.
"तुका कळाक नाय?"
नाही कळलं. माणसं राहणार एवढाच विचार केला. मरणार हे डोक्यातच आलं नाही.
 अंकलनी चहा ओतला, बिस्किटं पुढे केली. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती बिस्किटं गिळवेनात.

२६ नोव्हें.
ऑफिसच्या खिडकीतून समोर त्यांचं पार्किंग दिसतं. अंकल प्लास्टिकची खुर्ची टाकून खाली बसलेत. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. दुपारी फक्त जेवायला वर गेले.

२७ नोव्हें.
आजही तेच. जाऊन विचारलं, काय अंकल, वर करमत नाही?
"दिवसभर हंयच बसतंय. मरण इला तर हंयच येवंदे. उचलूचो तरास नको कोणाक."
मी हसले. ते हसले नाहीत. रात्रीचं काय, विचारलं. तर म्हणाले, रातीचा देव बघीत.

१ डिसेंबर
जिना फोडून मोठा करता येईल का, याची चौकशी केली. होईल, पण खालच्यांच्या हॉलचा तुकडा जाईल. कोण देतंय? मी तरी दिला असता का?

आमचं घर बैठं. आईला विचारून, पार्किंगमध्ये जाऊन अंकलना म्हटलं, आमच्याकडे राहायला या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.
"मराक तुमच्या घराक येव? टीचर हंयसून गेली. मी पण हंयसूनच जातलंय."
घर कुठलं, पार्किंगच ते. पण बोलायला तोंड कुठंय मला?

४ डिसें.
कणकवलीचा जिना बदलला. लँडिंग परत घातलं, हॉल लहान झाला. सर भडकले. "हॉल विकला जातो गं, जिना नाही." क्लायंटला तूच सांग म्हणाले, की मेलेल्या माणसासाठी तुमचा हॉल कापला. सांगते म्हटलं. सोमवारी मीटिंग. 

८ डिसें., सोमवार
क्लायंट येऊन बसले होते. ड्रॉइंग पसरता पसरता खिडकीबाहेर बघितलं. खुर्ची रिकामी.

काय सांगून निघाले, आठवत नाही. सर हाका मारत होते. त्यांच्या लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता, जिन्यानं धावले. त्या वळणावर माझाच पाय अडखळला. बेल वाजवली. काही नाही. परत वाजवली. दार बडवलं.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. अंकल, लुंगीवर.
"आज मराचो बेत नाय, चेडवा. पाय दुखतत."

तिथंच पायरीवर बसून भोकाड पसरलं, शेजारच्यांनी दार उघडून बघेपर्यंत. अंकलनी पाणी आणलं. मीटिंगचं पुढे काय झालं, सरांनी कुठला जिना दाखवला, अजून विचारलेलं नाही. फोन बंद करून ठेवलाय.

निघताना ते म्हणाले, "उद्या पण दुखले तर येशीत?"
येईन म्हटलं. येऊन मी काय करणार, ते मलाही ठाऊक नाही.