पाच मनोऱ्यांची सरासरी

प्रिय धाकटे,

फोन सोडून ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येच हसतेस, मी विरघळते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज शाळा सुटल्यावर वर्गातच बसले आहे. शिपाईमामा दोनदा डोकावून गेले, बाई, कुलूप लावायचंय म्हणून. म्हटलं, लावा खुशाल, मी आत बसते. बिचारे किल्ली घेऊन व्हरांड्यात बसलेत.

मागच्या रविवारी तू विचारलंस, इथले हॉस्पिटलवाले नोकरीवर अजून एक वर्ष थांबा म्हणतायत, महिनाअखेरीस करारावर सही करू का, आईवाचून भिंगरी राहील ना नीट? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, कर की, पोरगी मजेत आहे. ते वाक्य मला आता परत घ्यायचंय.

मंगळवारी पाचवीला सरासरी शिकवायची होती. आधी फळ्यावर रीत लिहिली की पोरं पोपटासारखी घोकतात, म्हणून मी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची पेटी काढते, तुला माहीतच आहे. पाच-पाचांचे गट केले आणि सांगितलं, काल रात्री तुमच्या घरी जेवायला एकत्र किती जण बसले, तेवढ्या ठोकळ्यांचा मनोरा करा. मग उंच मनोऱ्यांवरचे काढून बुटक्यांवर ठेवायचे, सगळे सारखे होईपर्यंत. जी उंची येईल ती सरासरी. झालं, वर्गाचा बाजार झाला. एकाने घरातलं मांजरही धरलं. म्हटलं, ते स्वतःचं ताट वाढून घेत असेल तर धर. सगळे ज्याला रेडिओ म्हणतात तो सहा ठोकळे रचून घरातल्या प्रत्येकाची साग्रसंगीत ओळख करून देत होता. त्याच गटात आपली भिंगरी. तिच्यापुढे एकच ठोकळा.

मला वाटलं, हिने प्रश्नच नीट ऐकला नाही. लक्ष सदा खिडकीबाहेर, आईवर गेलेली. सगळ्यांदेखत मी म्हटलं, अगं, स्वतःलाच काय मोजतेस, घरातल्या बाकीच्यांनाही मोज की! आणि तिच्या हातात आणखी दोन ठोकळे कोंबले. तिने दोन्ही ठोकळे पेटीत टाकले आणि आपला एकच समोर ठेवला. शाळेत मला मावशी म्हणायचं नाही, बाईच म्हणायचं, हा नियम माझाच. मावशी म्हणायची मुभा असती तर कदाचित बोललीही असती. पण मी तोवर पुढच्या गटाकडे वळले होते.

त्या पाचांचे मनोरे होते सहा, पाच, पाच, तीन आणि एक. सारखे केल्यावर प्रत्येकाचे चार. मी अशी खूश! मुलांना म्हटलं, बघा गंमत, चार हा आकडा यांच्यापैकी कुणाच्याच घरचा नाही, तरी पाचांची सरासरी चारच. सरासरी सगळ्यांचं मिळून सांगते, एकेकट्याचं नाही. इतकं झकास समजावलं की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. माझं बोलणं माझ्याच कानात काही शिरलं नाही.

तास संपल्यावर ठोकळे मोजले तर चार कमी. मी आधी रेडिओला धरलं, सगळं दप्तर रिकामं करायला लावलं. पोरगं रडकुंडीला आलं. (दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली, तेव्हापासून पुन्हा वाजतोय.) मग एकीने हळूच सांगितलं, भिंगरीने आपला चारचा मनोरा दप्तरात घालून नेला. माझं डोकंच सणकलं. बाईंची भाची आणि शाळेचे ठोकळे पळवते! संध्याकाळी तरातरा तुमच्याकडे गेले आणि माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार ताटं मांडली होती. प्रत्येकात थोडं थोडं वाढलेलं, प्रत्येकापुढे एकेक ठोकळा. चौथ्या ताटावर ती स्वतः बसली होती आणि बाकीच्या तिघांना शाळेतलं सांगत होती. मी वर्गात कशी खेकसले त्याची नक्कलसुद्धा चालली होती, हुबेहूब. मला पाहिलं तशी दचकली. घाईघाईने ठोकळे गोळा केले आणि म्हणाली, उद्या परत देणारच होते, बाई. स्वतःच्या घरात मला बाई म्हणाली गं.

तू निघताना मी काय कबूल केलं होतं? तुझा नवरा संध्याकाळच्या पाळीला गेला की भिंगरीसोबत जेवायला मी बसेन, समोरच्याच इमारतीत तर राहते. सुरुवातीला बसतही होते. मग परीक्षेचे पेपर आले, मग पाठ धरली, आणि मग, खोटं कशाला बोलू, कंटाळा आला. झाकून ठेवलंय ते खाऊन घे, असं खिडकीतून ओरडून मोकळी व्हायला लागले. तुझ्या नवऱ्यावर चिडू नकोस. त्याला अजूनही वाटतं मी रोज बसते. पोरीने त्याला सांगितलंच नाही, का, तर मावशीला बोलणी बसतील. मला लाज वाटते, धाकटे, फार लाज वाटते. आणि तुला मी काय सांगत आले? रविवारी ती माझ्याकडे असते, पोट धरून हसते. तुझा फोनही रविवारीच. दर वेळी मी तुला रविवारची भिंगरी दिली आणि तू ती सगळ्या आठवड्यावर सारखी पसरून घेतलीस. तुझं काय चुकलं? मी दिलं त्यातूनच तू हिशेब केलास.

हे पत्र एवढ्यासाठीच. सही करू नकोस असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. तुम्ही दोघं काय ते ठरवा. फक्त पोरगी मजेत आहे हे माझं वाक्य आधी खोडून टाक आणि मग कागद हातात घे. त्या संध्याकाळी मी एका ठोकळ्याच्या जागेवर बसले आणि त्याच्या ताटातलं गार जेवण जेवले. तेव्हापासून रोज बसते आहे, पण पुन्हा माझ्या शब्दावर विसंबू नकोस, पोरीलाच विचार, आणि रविवार सोडून विचार. बुधवारी तिने ठोकळे आणून दिले. मी मोजले, तीनच होते. मी तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, एक आईच्या जागेवर ठेवलाय, बाई, आई आली की देते. मी पेटीचं झाकण लावलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

तुझीच, बोलणी खायला तयार बसलेली,
ताई