यिह्या आजोबांचे टोळ

ती. आयेस,

सारिकाचा लांबूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार. फोनवर आबा ऐकतील, म्हणून लिहिते. मी बरी हाय. हाताला जरा पोळलंय, तेवढंच.

मी हितं इस्राएलात ज्यांना सांभाळते ते यिह्या आजोबा मूळचे येमेनचे ज्यू, नव्वदीला टेकलेत. परवा रानात टोळ उतरले. "पोरी, धरून आण," म्हणाले. त्यांच्या धर्मात किडे खात न्हाईत, पण टोळ चालतो. एक उलटा धरून त्यांनी मला खायला चालणाऱ्या टोळाची खूण दाखवली: चार पाय चालायचे, मागचे दोन गुडघ्याचे, उडी मारायचे, आणि पंखांनी सगळं अंग झाकलेलं. मग मी ते तळले.

कढई टेबलावर ठेवते तोच त्यांची लेक आणि जावई आले. जावई बी ज्यूच, पण युरोपाकडचा, त्यांच्यात टोळ खात न्हाईत. "घरात ही घाण? आमच्यात हे पाप हाय!" म्हणत त्यानं टेबलाला लाथ घातली. तेल माझ्या हातावर सांडलं. आजोबांनी काठी हाणली, तर त्यानं म्हाताऱ्याचा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आये. मी तीच कढई उचलून त्याच्या तोंडावर घातली. दोन दात पडले, रक्त भिंतीपर्यंत उडालं.

पोलीस आले. आजोबांच्या लेकीनं स्वतःच्या नवऱ्याकडं बोट दाखवलं, म्हणून मी सुटले. नोकरी हाय.

आबांचा खोकला कमी हाय का? शेळी व्याली का?

आये, त्या माणसाचं रक्ताळलेलं तोंड मला सारखं दिसतं, पण वाईट वाटत न्हाय. तुला कधी असं झालंय का?

तुझी,
सारिका